वेग आणि बेफिकिरी



मोटार वेगानें हांकणारा मनुष्य बेफिकीर असतोच काय, असा आजच्या भाषणाचा प्रश्न आहे. घरांतील वडील मंडळी चटकन् 'होय' म्हणतील; तरुण मुलगा म्हणेल कीं, रस्ता मोकळा आणि गाडी उत्तम असल्यावर भिण्याचें कारण काय? दोघांचेंही म्हणणें तपासून पाहण्याजोगें आहे.

प्रथम १९८८ चा मोटार वाहन कायदा पाहूं. त्यांतील १८३ वें कलम वेगाची मर्यादा ओलांडणाऱ्यासाठीं आहे. धोकादायक रीतीनें गाडी चालविणाऱ्यासाठीं १८४ वें कलम निराळें आहे. तेथें धोका ठरवितांना जागेचें स्वरूप, तिची स्थिति व तेथील रहदारी हीं लक्षांत घ्यावयाचीं असतात. म्हणजे केवळ आंकड्यावरून धोका ठरत नाहीं, हें कायद्यालाही मान्य आहे. मुंबई-पुणें द्रुतगति मार्गावर जो वेग साधारण वाटतो, तोच शाळा सुटण्याच्या वेळीं दादरच्या गल्लींत अक्षम्य ठरेल. उलट, दाट धुक्यांत खंडाळ्याच्या घाटांत ताशीं ४० किलोमीटरही अधिक होऊं शकतात.

मग कसोटी कोणती? जेवढा रस्ता मोकळा दिसतो, तेवढ्यांत गाडी थांबवितां आली पाहिजे. ताशीं १०० किलोमीटर वेगानें गाडी एका सेकंदांत सुमारें २८ मीटर जाते. चालकाचा पाय ब्रेकवर पडण्यापूर्वींच एवढें अंतर संपूं शकतें. शिवाय वेग दुप्पट झाला कीं, ब्रेक लागल्यानंतर थांबण्याचें अंतर सुमारें चौपट होतें; ओल्या रस्त्यावर तें आणखी लांबतें.

येथवर तरुणाची बाजू बरीचशी खरी ठरली. परंतु परिस्थितीचा अंदाज तो एकटाच बांधीत नसतो. रस्ता ओलांडणारी म्हातारी, आडरस्त्यानें येणारा सायकलस्वार हेही दुरून येणाऱ्या गाडीचा वेग मनाशीं धरूनच पुढें होतात. मर्यादेचा फलक हा या सर्वांमधील करार आहे. तो मोडणारा आपल्या कौशल्यावर विसंबतो खरा. पण जोखीम मात्र ज्यांना त्यानें विचारलेलें नाहीं, त्यांच्या माथीं मारतो.

तेव्हां योग्य वेग परिस्थितीवर अवलंबून असतो, हें खरें. मात्र त्या तत्त्वाचा आधार वेग कमी करण्यासाठीं घ्यावा, मर्यादा ओलांडण्यासाठीं घेऊं नये. फलकावरील आंकडा ही वरची सीमा आहे. तिच्या किती खालीं राहावें, हें ओळखण्यांतच चालकाचें शहाणपण आहे.