हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतरची तीस वर्षे
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



ओठ व नखे निळसर असलेले एखादे मूल चार पावले धावताच धापा टाकत उकिडवे बसते. हे त्याला कोणी शिकविलेले नसते. त्या बैठकीत फुफ्फुसांकडे थोडे अधिक रक्त जाते, एवढे त्याच्या शरीराला उमगलेले असते. फ्रान्समधील डॉ. फॅलो यांनी १८८८ मध्ये या जन्मजात विकाराचे वर्णन केले. हृदयाच्या दोन जवनिकांमधील पडद्याला छिद्र आणि फुफ्फुसांकडे जाणारा मार्ग अरुंद, हे त्यातील प्रमुख दोष होत.

१९४४ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात डॉ. ब्लॅलॉक यांनी डॉ. हेलन टॉसिग यांच्या कल्पनेवरून अशा बालिकेवर पहिली शस्त्रक्रिया केली. तिची पूर्वतयारी प्रयोगशाळेतील कृष्णवर्णीय सहायक व्हिव्हियन थॉमस यांनी केली होती. वैद्यकाची पदवी नसलेला हा गृहस्थ त्या वेळी ब्लॅलॉक यांच्या मागे उभा राहून सूचना देत होता! तो उपाय मात्र तात्पुरता होता. छिद्र बुजवून मार्ग रुंद करण्याची संपूर्ण दुरुस्ती १९५४ मध्ये मिनेसोटात डॉ. लिलेहाय यांनी साधली.

त्या पिढीतील मुलांचे पुढे काय झाले? १९५५ ते १९६० या काळात दुरुस्ती होऊन पहिला महिना पार केलेल्या १६३ रुग्णांचा मेयो क्लिनिकने मागोवा घेतला. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ३२ वर्षांनंतर हयात असण्याचे प्रमाण शेकडा ८६ होते. सर्वसाधारण समाजात ते ९६ असते. एके काळी यांतील बहुतेकांनी तारुण्यही पाहिले नसते, हे लक्षात घेता ८६ हा आकडा थोर आहे. पण उरलेल्या दहांचे काय?

मार्ग रुंद करताना बहुधा फुफ्फुस धमनीची झडप निकामी होते. तिच्यातून रक्त मागे झिरपते आणि उजवी जवनिका वर्षानुवर्षे फुगत जाते. त्रास जाणवत नाही. विशी-तिशीत दम लागतो, ठोके अनियमित होतात. क्वचित अकस्मात मृत्यू ओढवतो. वेळीच नवी झडप बसविल्यास जवनिकेला आराम मिळतो. २००० पासून काही रुग्णांत ती छाती न उघडता, नलिकेद्वारे बसविता येते. ही झडप सहसा प्राणिज ऊतींची असते. अहिंसाव्रती कुटुंबाने हा प्रश्न डॉक्टरांपुढे निःसंकोच मांडावा. धातूची झडप काहींना चालते, मात्र त्यासाठी रक्त पातळ ठेवणारे औषध जन्मभर घ्यावे लागते.

‘ऑपरेशन झाले, मूल बरे झाले’ असे म्हणून तपासण्या थांबतात, हे खरे दुखणे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची मर्यादा १८ वर्षांची; धोका मात्र त्यानंतर वाढतो. त्यातही मुलीचे लग्न ठरताना शस्त्रक्रियेची गोष्टच दडविली जाते. मग सासरी ती हृदयतज्ज्ञाकडे कोणत्या निमित्ताने जाणार? वास्तविक दुरुस्ती चांगली टिकलेल्या बहुसंख्य स्त्रियांची बाळंतपणे सुखरूप होतात. त्यासाठी गर्भधारणेपूर्वी तपासणी व्हावी आणि गर्भातील बाळाच्या हृदयाचीही सोनोग्राफी व्हावी, कारण अपत्यात दोष येण्याची शक्यता इतरांहून थोडी अधिक असते.

शस्त्रक्रियेचा मूळ अहवाल, जुने ईसीजी आणि इकोचे निष्कर्ष ही फाईल माहेरच्या कपाटात राहू नये. ती मुलीबरोबर सासरी जावी.