सावड आणि सॉफ्टवेअर

माझं गाव वेल्ह्याजवळ, तोरण्याच्या पायथ्याशी. नोकरी हिंजवडीत, आयटी कंपनीत. “तुम्ही तिथं नक्की काय बनवता रे?” वडील विचारायचे. मी सांगे, परदेशातल्या बँकेचं सॉफ्टवेअर सांभाळतो. कंपनी आमचे तास विकते. “म्हणजे दुसऱ्याच्या खाचरात भातलावणी!” ते म्हणत.

२०२० च्या टाळेबंदीत गावाहूनच काम चाललं. जूनमध्ये प्रकल्प संपला, मी ‘बेंच’वर आलो. पगार चालू, काम नाही. राजीनामा मागतील ही रोजची धास्ती. जुलैत वडिलांबरोबर चिखलात उतरलो. भोर-वेल्ह्याकडं लावणीला सावड असते: आज ते आपल्याकडं, उद्या आपण त्यांच्याकडं. रिकामं कुणी बसत नाही.

ऑगस्टमध्ये नवं काम मिळालं. बरोबरच्या दोघांना नाही. वडिलांनी एवढंच विचारलं, “तुमच्यात सावड नसते का रे?”