धुपणी : संकोच सोडून चार गोष्टी
(जामसांवली येथील कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही सरकारी दवाखान्यात औषधाच्या खिडकीमागे बसणारी माणसं. डॉक्टर नाही, डिप्लोमावाले. पण खिडकीवर जे कानात सांगितलं जातं, ते डॉक्टरच्या टेबलापर्यंत पुष्कळदा पोहोचतच नाही. सौंसर-पांढुर्ण्याकडची बाई ‘अंगावरून जाते’ म्हणते, नाहीतर ‘धुपणी’ म्हणते. बाहेरून बदलून आलेल्या हिंदीभाषी डॉक्टरला ते कळत नाही. मग ती ‘कमजोरी है’ एवढंच सांगते आणि टॉनिक घेऊन जाते. दुखणं तसंच राहतं.

हे काही आपल्याच भागाचं नाही. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांत ६५० स्त्रिया तपासल्या. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग किंवा गुप्तरोग निघाला, आणि त्याआधी अशी तपासणी फक्त ८ टक्क्यांचीच झालेली होती. १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये हे छापून आलं. गडचिरोली म्हणजे शेवटी आपलंच वऱ्हाड-नागपूरकडचं बोलणं, तोच संकोच.

आधी एक गोष्ट साफ करू. पांढरं गेलं म्हणजे हाडं झिजतात, हे खरं नाही. थोडा, वास नसलेला, पांढुरका स्राव प्रत्येक बाईला असतो. पाळीच्या मध्यावर आणि गरोदरपणी तो वाढतो. योनीमार्गात चांगले जंतू असतात, दह्यातल्या जंतूंच्या जातकुळीचे. ते आम्ल तयार करतात आणि वाईट जंतूंना वाढू देत नाहीत. म्हणून आतून साबण, डेटॉल, सुगंधी वॉश काहीही घालू नये. राखणदारच धुऊन काढला तर वाडीत कोण शिरणार नाही? बाहेरून साध्या पाण्याने धुणं पुरे. शौचानंतर हात पुढून मागे.

खाज आणि फाटलेल्या दुधासारखा स्राव असेल तर बहुधा बुरशी. ती साखरेच्या रोग्यांना आणि अँटिबायोटिक घेतल्यावर जास्त होते. पुन्हा पुन्हा होत असेल तर साखर तपासावी. पातळ, करडा, मासळीसारख्या वासाचा स्राव वेगळा, हिरवट-पिवळा फेसाळ वेगळा. बुरशीचं औषध वेगळं आणि या दोन्हींचं वेगळं, म्हणून शेजारणीचं मलम लावू नये. ओटीपोटात दुखणं, ताप, संबंधानंतर रक्त, किंवा पाळी बंद झाल्यावर पुन्हा रक्त दिसलं, तर त्याच आठवड्यात डॉक्टरकडे जावं. गरोदर बाईने तर थांबूच नये.

आता कपड्यांचं. कापूस आपल्या शेतात पिकतो आणि अंगावर आपण नायलॉन घालतो! आतले कपडे सुती असावेत, ओले असतील तर बदलावेत. पाळीची घडी वापरत असाल तर ती साडीखाली लपवून वाळवू नका, उन्हात टाका. दिवसभर कापूस वेचताना बदलायला आडोसा नसतो हे आम्हाला ठाऊक आहे. तो आडोसा करून देणं शेतमालकाचं काम आहे, आणि ते मालक इथे समोरच बसले आहेत. पॅड चार-सहा तासांनी बदलावं. जनऔषधी केंद्रात ‘सुविधा’ पॅड २०१९ पासून एका रुपयाला आहे.

जाता जाता महालक्ष्म्यांचं. या दिवसांत पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या फार खपतात. डॉक्टरला न विचारता घेऊ नका. सासूबाईंनीही आग्रह करू नये.

बंधूंनो, आता तुमचं. हिरवट फेसाळ स्रावाचा जंतू नवरा-बायकोत एकमेकांकडे फिरतो. नवऱ्याला बहुधा काहीच जाणवत नाही. बायको बरी होते आणि महिन्याभरात पुन्हा खिडकीवर येते. सरकारी दवाखान्यात यासाठी हिरव्या रंगाचं पाकीट फुकट मिळतं. डॉक्टरांनी दोघांचं औषध लिहिलं तर तुमचं पाकीट तुम्ही स्वतः घ्यायला या, आणि घरी नेऊन फडताळात ठेवू नका.