खिसा, जेब आणि साइन



दोन मिनिटं खिशाबद्दल बोलते. आपला ‘खिसा’ फारसी ‘कीसा’वरून, म्हणजे पिशवीवरून आला. इंग्रजी ‘पॉकेट’ही मूळची छोटी पिशवीच. जर्मनमध्ये तर पिशवी आणि खिसा दोन्हींना एकच शब्द. शाळेत खिसा मुलांच्या शर्टालाच होता. आम्ही मुली बसचे पैसे रुमालाच्या गाठीत बांधायचो. असो.

हिंदीतली ‘जेब’ मात्र वेगळी. अरबी ‘जैब’ म्हणजे कपड्याचा गळा, छातीवरचा घोळ. तुर्कस्तानात मोबाइलला ‘जेप’ म्हणतात, तो हाच शब्द.

भूमितीच्या बाई समोर आहेत, म्हणून पुढचं सांगते. बाई, तुम्ही शिकवलेली वर्तुळाची ‘जीवा’, खरं तर अर्धी जीवा, संस्कृतातून अरबीत ‘जीबा’ होऊन गेली. तिथे ज-य-ब एवढीच अक्षरं लिहीत, त्यामुळे पुढे ती ‘जैब’ वाचली गेली. १२व्या शतकात लॅटिन भाषांतरात तिचं ‘सायनस’ झालं, म्हणजे पुन्हा कपड्याचा घोळ. रोमन पुरुष टोग्याच्या त्या घोळात चीजवस्तू ठेवत. दहावीत आपल्याला छळणारा ‘साइन’ तो हाच. माझ्या आजीने त्याला सरळ ओचा म्हटलं असतं. तिच्या ओच्यात शेंगा असायच्या.