पोळ्या कोण करतं?



घरांचं इंटिरिअर करणं हा माझा व्यवसाय. कुणाच्याही घरी पहिल्यांदा गेले की हॉलमध्ये बसण्याआधी मी स्वयंपाकघरात जाते आणि विचारते, "पोळ्या कोण करतं?" जे करत असतील त्यांना ओट्यापाशी उभं करते, हात कोपरात वाकवायला सांगते आणि जमिनीपासून कोपरापर्यंतची उंची टेपने मोजते. ओटा त्याहून चार ते सहा इंच खाली हवा. कणीक मळायची, पोळ्या लाटायच्या तर आणखी थोडा खाली चालतो, कारण तिथे खांद्यातून जोर लावावा लागतो. वर शेगडी ठेवली की पातेल्याचा काठ कुठे येतो, तेही बघावं लागतं. बिल्डर मात्र साऱ्या इमारतीत एकाच मापाचा ओटा घालतो. मग कुणाचे खांदे दुखतात, कुणाची कंबर, आणि सगळे म्हणतात, "वय झालं आता!"

ओट्यापाशी काम करणाऱ्या माणसाचा असा विचार करणाऱ्या मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन वास्तुरचनाकार बाईंबद्दल मला फार आदर आहे. जर्मनीतल्या फ्रँकफर्ट शहराच्या नव्या वसाहतींसाठी त्यांनी 1926 साली एक स्वयंपाकघर आखलं. सुमारे सव्वासहा फूट रुंद, अकरा फूट लांब. आगगाडीच्या डायनिंग कारमधलं स्वयंपाकघर त्यांनी नजरेसमोर ठेवलं होतं. बाईची पावलं वाचावीत, बसून काम करता यावं म्हणून फिरतं स्टूल, तांदूळ-साखरेसाठी ओतायला सोपे ॲल्युमिनियमचे खण. तशी सुमारे 10,000 स्वयंपाकघरं बांधली गेली. घरात राबणाऱ्या बाईचे श्रम मोजण्याजोगे आहेत, हे त्यांनी मानलं, ही मला फार मोठी गोष्ट वाटते. पण त्या जागेत एकच माणूस काम करू शकत होता, आणि स्वयंपाकघरातच जेवायची सवय असलेल्या कुटुंबांना ती अडचणीची वाटली. आपल्याकडे सासू-सून शेजारी उभ्या राहून चकल्या तळतात, मूल तिथेच खाली बसून अभ्यास करतं. हे घरोघरी जाऊन बघावंच लागतं.

खर्चही घर बघूनच ठरवावा लागतो. पैसे बेताचे असतील तर फॉल्स सीलिंग राहू दे, असं मी स्पष्ट सांगते. सिंकखालच्या कपाटाला मरीन प्लाय घाला, वायरिंग नवीन करा. सुतार आणि प्लंबर यांच्याशी बोलत बोलत मी हे शिकले. कॉलेजात आम्ही मुख्यतः ड्रॉइंग शिकलो.

आजी-आजोबा असतील तर त्यांच्याशी मी वेगळी बोलते. रात्री किती वेळा उठता? बाथरूमचा उंबरठा लागतो का? आधाराची दांडी टाइल बसवण्याआधीच ठरली तर भिंतीत पक्की बसते. मुलांसमोर ही माणसं "मला काही नको" म्हणतात. एकटी असली की पलंगापासून दिव्याचं बटण लांब आहे, हे सांगतात.

म्हणूनच पहिल्या भेटीत पैसे देणारी व्यक्तीच सगळं बोलत असली, तर मी आराखड्याचा विषय काढत नाही. घरातले सगळे हजर असतील अशी वेळ मागून घेते. बहुतेक वेळा रविवारची दुपार मिळते.