धावणं सुटू नये म्हणून

परभणी जिल्ह्यातल्या पेडगावसारख्या गावात पहाटे रस्त्यावर धावणारी पोरं बहुधा भरतीची तयारी करत असतात. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर, तर मुलींना ८०० मीटर धावावं लागतं. पण नव्या उत्साहात सुरू झालेलं धावणं पुष्कळदा लवकरच बंद पडतं. कारण पहिल्याच दिवशी जीव तोडून धावलेलं असतं. दम लवकर वाढतो; हाडं आणि कंडरा मात्र सावकाश तयार होतात.

म्हणून सुरुवातीला एक मिनिट हळू धावा, दोन मिनिटं चाला. असं वीस मिनिटं. धावताना सोबत्याशी बोलता आलं, तर वेग योग्य. आठवड्यातून तीन दिवस पुरेत, मधल्या दिवशी विश्रांती. उन्हाळ्यात ऊन चढायच्या आत आटपा. एखादा जोडीदार ठरवा. कुणी वाट पाहत असलं की अंथरूण सुटतं. धावलात त्या दिवशी कॅलेंडरवर खूण करा.

आपल्या परभणीच्या ज्योती गवते २०१७च्या मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिल्या आल्या. ते अंतर ४२.१९५ किलोमीटर. तुमचं या आठवड्याचं उद्दिष्ट एवढंच: कॅलेंडरवर तीन खुणा.