डबक्याकाठचा हिरवा भुंगेरा

अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात, सोलानो परगण्यात, हिवाळी पावसाने माळावर उथळ डबकी साचतात आणि उन्हाळ्यात आटून जातात. त्यांच्या ओल्या काठावर जेमतेम ६ मिलिमीटरचा, धातूसारखा चकाकणारा हिरवा भुंगेरा बारीक किडे टिपत धावत असतो. त्याचे शास्त्रीय नाव ‘एलाफ्रस विरिडिस’. १८७८ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याची नोंद केली. पुढे जवळजवळ शंभर वर्षे तो हरवलेलाच होता! १९७४ मध्ये जेप्सन प्रेअरी येथे तो पुन्हा सापडला आणि १९८० मध्ये त्याला कायद्याचे संरक्षण मिळाले. नांगर फिरवून माळ सपाट केला, की डबके जाते आणि भुंगेराही. आपल्या लेखी ती पडीक जमीन. त्याचे मात्र तेवढेच जग.